ब्रेकचा पाइप गंजलाय: घासून रंगवू, मधेच जोडू, की अख्खा बदलू?

प्रश्न वर्सोव्याच्या एका ताईंचा आहे. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, समुद्रापासून दोन इमारती आत, सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते. पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंगला दिली, तर पहिला गॅरेजवाला म्हणाला, मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही ब्रेक पाइप गंजलेत, बदला. दुसरा म्हणाला, वरवरचा गंज आहे, घासून काळा रंग मारून देतो. तिसरा म्हणाला, गंजलेला तुकडा तेवढा कापतो, मधे जोड देतो, दोन तासांत गाडी घेऊन जा. ब्रेक लागतात, पण ब्रेक ऑइल जरा कमी झाल्यासारखं वाटतं. दिवाळीत गाडीने चिपळूणला जायचंय. तिघांपैकी कोणाचं ऐकायचं?

पहिल्याचं. पण तिघांच्याही आधी त्या कमी झालेल्या ऑइलचं बघा. तुम्ही ते प्रश्नाच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, आणि माझं लक्ष पहिल्यांदा तिथेच गेलं.

बॉनेट उघडलंत की ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या काचेखाली ब्रेक ऑइलची पांढरट प्लास्टिकची डबी दिसेल. तिच्यावर मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा असतात. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला, म्हणजे चाकाशी पॅड दाबणाऱ्या भागातला, पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणून वर्षा-दोन वर्षांत पातळी थोडी उतरली तर त्यात वावगं काही नाही. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलला की ती पुन्हा वर येते. पण कोणी वरून ऑइल ओतलं आणि पंधरा दिवसांत ते परत खाली गेलं, तर ते कुठूनतरी बाहेर पडतंय. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, मार्करने आजच्या पातळीवर रेघ मारा, बाजूला तारीख घाला. सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी ऑइल ओतलं होतं का, तेही विचारून घ्या. "टॉप-अप केलंय मॅडम" हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत ऐकलं की मी लगेच विचारतो, का करावं लागलं?

मग पेडल. आवारातच, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पेडलवर पाय ठेवून इंजिन चालू करा. चालू होताच पेडल किंचित खाली जाईल, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं काम आहे, घाबरू नका. आता जोरात दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. पेडल एका जागी टणक थांबलं पाहिजे. जुन्या इमारतीतली लिफ्ट उतरावी तसं ते हळूहळू उतरत गेलं, तर एकतर गळती आहे किंवा पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतले रबर गेलेत. तसं झालं तर चिपळूण राहू दे, गॅरेजपर्यंतही चालवत जाऊ नका, टो करून न्या. आणि पाइप फुटायचाच असेल तर आवारात, गाडी उभी असताना फुटलेला बरा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पुढच्या बसने ब्रेक मारल्यावर फुटण्यापेक्षा केव्हाही बरा.

खाली काही ओलं दिसलं तर ते ब्रेकचं आहे का, हे ओळखायची सोपी रीत आहे. बोटावर थेंब घ्या आणि बोट वाटीभर पाण्यात बुडवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिनचं किंवा गिअरचं ऑइल वर तवंग धरतं. आपण "ऑइल" म्हणतो खरं, पण ते तेल नाहीच, ग्लायकॉलच्या जातीचं रसायन आहे. एरवी काय म्हणाल ते म्हणा, पण कोणी त्या डबीत खरंच तेल ओतलं की सगळे रबर फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलावं लागतं. असा उद्योग मी दोनदा निस्तरलाय.

आता पाइप. मी लालबागच्या पट्ट्यात २८ वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली आहेत. सुरुवात काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर झाली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि टॅक्सीवाले पाइप फुटेपर्यंत गाडी दाखवायचे नाहीत. तुमच्या गाडीचं आतलं गणित वेगळं असलं तरी पाइप तोच: बाहेरून पावणेपाच मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साध्या पेन्सिलीपेक्षाही बारीक, आणि त्याची भिंत पाऊण मिलिमीटरही नाही. जोरात ब्रेक मारलात की त्याच्या आत १०० बारच्या आसपास दाब येतो, टायरमधल्या हवेच्या साधारण चाळीसपट. गंज खातो ती ही भिंत.

तुमच्यासारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत ब्रेक ऑइलची दोन वेगळी सर्किटं असतात आणि ती सहसा तिरकी असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, दुसरी दोन दुसऱ्यावर. एक पाइप फुटला तर दोन चाकांचे ब्रेक उरतात, एक पुढचं, एक मागचं. गाडी थांबते, पण पेडल बरंच खाली गेल्यावर आणि दुपटीहून जास्त अंतर घेऊन. शिवाय तुमचे मागचे दोन्ही पाइप एकाच वयाचे, एकाच जागेतून गेलेले. एक गेला तर दुसरा फार मागे नसतो. पहिला गॅरेजवाला "दोन्ही" म्हणाला ते बिल फुगवायला म्हणाला असं मी मानणार नाही.

थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने तिथले पाइप सडतात. आपल्याकडे मीठ वाऱ्याने येतं. वर्सोवा, वरळी, मढ, गोराई, कुलाबा इथल्या गाड्या मी पत्र्यावरून ओळखतो. भरतीला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाट येते तेव्हा लोक काचा खाली करून फोटो काढतात. ते पाणी गाडीखाली कुठे जातं हे कोणी बघत नाही. त्यात आपल्या पावसाचे चार महिने, हिंदमाता नाहीतर अंधेरी सबवेचं पाणी, आणि त्या पाण्यातला गाळ. मला पाण्यापेक्षा गाळ जास्त नडतो. पाणी दोन दिवसांत वाळतं. गाळ मात्र पेट्रोलच्या टाकीच्या वर, पाइप धरणाऱ्या क्लिपच्या आत दडून बसतो आणि पुढच्या पावसापर्यंत ओल धरून ठेवतो.

हे मी २६ जुलै २००५ नंतर शिकलो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुढचे दोन महिने आमच्याकडे बुडालेल्या गाड्यांची रांग होती. आम्ही इंजिन उघडली, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं, सीट काढून उन्हात टाकल्या, ड्रम खोलून धुतले. ब्रेक पाइपचं काय? बाहेरून धुतलेला दिसतो, आत पाणी जात नाही, म्हणून कोणी हात लावला नाही, मीही नाही. दोन पावसाळे गेले आणि त्यातल्याच गाड्या एकेक करून परत यायला लागल्या, सगळ्यांची तक्रार एकच: पेडल खाली गेलं. पहिल्या गाडीची पेट्रोलची टाकी उतरवली तेव्हा वरती विटेसारखा वाळलेला गाळाचा थर होता, आणि त्यात रुतलेला पाइप बोटाने दाबल्यावर बिस्किटासारखा मोडला. दोन वितींवरचा, गाडीखाली उघडा दिसणारा पाइप मात्र चकचकीत होता.

म्हणून गॅरेजवाल्याला विचारायचा प्रश्न "गंज आहे का?" हा नव्हेच. "कुठे बघितलंत?" हे विचारा. रॅम्पखाली उभं राहून टॉर्च मारली की जो भाग दिसतो, तो हवेशीर असतो आणि शेवटी गंजतो. पाइप मरतो तो न दिसणाऱ्या जागी. प्लास्टिकच्या क्लिपच्या आत, टाकीच्या वर, मागच्या एक्सलच्या वळणावर जिथे चाकाचं पाणी थेट उडतं, आणि चाकाकडच्या लवचीक रबरी नळीला, म्हणजे होजला, जोडतो त्या नटच्या अगदी मुळाशी.

क्लिप उघडून बघणं म्हणजे काय ते सांगतो, समोर उभं राहून करून घ्या. पातळ स्क्रूड्रायव्हरने क्लिपचा ओठ उचलायचा. तो तुटला तर तुटू दे, क्लिप स्वस्त असते. पाइप तिच्यातून अर्धा इंच खाली ओढायचा, जास्त नाही. क्लिपच्या खोबणीत काळपट माती असेल, ती ब्रशने झटकायची. आता पाइपवर मूळ लेप दिसतो का ते बघा, हिरवट, काळा किंवा करडा. लेप शाबूत असेल तर विषय संपला, पुढची क्लिप. लेपाखाली फोड आलेत, नखाने खरवडलं की पापुद्रा सुटतो, असं असेल तर जुन्या टूथब्रशच्या आकाराचा पितळी ब्रश घेऊन हलक्या हाताने घासायचं. तपकिरी धूळ जाऊन खाली सपाट करडं लोखंड लागलं, तर तो वरवरचा गंज. पुसून, लेप देऊन, सहा महिन्यांनी पुन्हा बघता येईल. खाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर पाइप बदलायचा. खड्डा किती खोल आहे हे मोजत बसू नये, कारण पाऊण मिलिमीटरातलं किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. आणि घासताना जोर लावू नये. दोन-तीन वेळा माझ्याच हातात ब्रशखाली ऑइलचा बारीक थेंब उभा राहिलाय. ती गाडी मग तिथून हलत नाही.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने क्लिप उघडून, घासून, खाली सपाट लोखंड बघून "वरवरचा" म्हटलं असेल तर त्याचं चूक नाही. न उघडता म्हटलं असेल तर तो फक्त रंग विकतोय. मेपासून हा धंदा जोरात असतो: पावसाळ्याआधी अंडरकोटिंग. गाडी उचलायची, पाण्याचा फवारा मारायचा, नीट वाळायच्या आत वरून काळा रबरी थर. ओलावा आणि मीठ आत कोंडलं जातं आणि गंज निवांतपणे आपलं काम करत राहतो. दोन वर्षांनी माझ्यासारख्याने खालून बघितलं तर सगळं काळं, गुळगुळीत, सुंदर. मला विचाराल तर ब्रेकच्या पाइपवर जाड रबरी थर कधीच नको. कोटिंग करायचंच तर पाइप, होज आणि नट झाकून घ्यायला सांगा. पाइपला संरक्षण हवंच असेल तर मेणासारखा पातळ, पारदर्शक लेप द्या, म्हणजे आतलं दिसतं तरी.

तिसऱ्याचा जोड. यात दोन प्रकार आहेत आणि फरक जीवघेणा आहे. एक, पाइपची दोन्ही टोकं नीट फुलवून, नट घालून, मधे योग्य जातीचं युनियन, म्हणजे दोन टोकं जोडणारा तुकडा, बसवायचं. हा जोड दाब धरतो. दुसरा, नळाच्या कामात वापरतात तसा, पाइपवर पितळी कडी आवळून बसवायचा कॉम्प्रेशन जोड. तो १०० बारसाठी बनलेलाच नाही आणि ब्रेकवर तो लावणाऱ्याच्या हातात मी माझी सायकलही देणार नाही. बरं, पहिल्या प्रकारचा जोड धरला तरी प्रश्न उरतो: कापलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना उरतो तो तोच १२ वर्षांचा, वर्सोव्याची हवा खाल्लेला पाइप. आज हा तुकडा, पुढच्या वर्षी शेजारचा. कंपनीने जिथून जिथे एक अखंड पाइप दिलाय, तिथून तिथे एक अखंड पाइपच घाला. टाकी उतरवायला लागते म्हणून गॅरेजवाले जोडाकडे वळतात. मजुरी खरी त्यातच आहे, पाइप तसा महाग नाही. टाकी एकदा उतरली की दोन्ही पाइप करून घ्या, आणि बाजूने जाणारे पेट्रोलचे पाइपही डोळ्याखालून घाला.

पाइप कुठला घालायचा? तयार, वळवलेला, कंपनीचा मिळत असेल तर तोच. चासी नंबर देऊन मागवा. जुन्या मॉडेलचा मिळत नसेल तर सरळ पाइप आणून वळवून घ्यावा लागतो. लेप दिलेला स्टीलचा पाइप चालतो; खाऱ्या हवेत मला तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा जास्त आवडतो. त्यात साधारण दहा टक्के निकेल असतं, गंजत नाही, हाताने वळतो. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात नीट मागितला तर मिळतो. "नीट मागितला तर" म्हणतो, कारण दिसायला अगदी तसाच लालसर पाइप एसी-फ्रिजवाल्यांकडे असतो आणि तो निव्वळ तांब्याचा असतो. तांबं थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस नटजवळ चिरतं. शेजारच्या एसीवाल्याकडून आणलेला पाइप एका गाडीला लावलेला मी पाहिलाय, वळणं इतकी सुरेख की काढताना वाईट वाटलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने आरसे, दिवे, दरवाजे खुशाल घ्या. जुना ब्रेक पाइप मात्र फुकट दिला तरी नको.

हे काम तुम्ही आवारात जॅक लावून करू नये, रॅम्प किंवा खड्डा हवाच. पण उभं राहून बघताना काय चाललंय ते कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चांगला मिस्त्री आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. सकाळी साधा उघडा पाना न लावता फ्लेअर नटचा पाना लावतो, जो षटकोनाच्या पाच बाजू धरतो. उघड्या पान्याने नटचे कोपरे गोल होतात आणि मग व्हाइसग्रिप, छिन्नी असा तमाशा सुरू होतो. नट फिरतोय पण सोबत पाइपही पिळतोय असं दिसलं, तर जुना पाइप नटजवळ कापून टाकायचा आणि नट बॉक्स पान्याने काढायचा. पाइप तसाही जाणारच आहे. मागच्या चाकातल्या व्हील सिलिंडरची ब्लीडर निप्पल, म्हणजे हवा काढायची तोटी, बहुधा तुटते. तुटली तर सिलिंडर नवा घाला. तुमच्या गाडीच्या वयाला मी ते गृहीतच धरतो आणि आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर बिलावरून भांडण नाही.

पाइप उघडल्यावर डबीतलं सगळं ऑइल वाहून जाऊ नये म्हणून एक जुनी युक्ती आहे: ड्रायव्हरची सीट आणि पेडल यांच्यात काठी अडकवून पेडल इंचभर दाबून ठेवायचं. मास्टर सिलिंडरमधली ऑइल यायची भोकं झाकली जातात आणि गळती थांबते. ब्रेकचे दिवे मात्र तेवढा वेळ चालू राहतात, म्हणून बॅटरीची तार आधी काढायची. मी नवीन असताना हे विसरलो होतो. दुपारी जेवून आलो तर टॅक्सीचं पाइपकाम झालेलं, बॅटरी झोपलेली, आणि टॅक्सीवाला माझ्याकडे बघतोय.

जुना पाइप अख्खा काढता आला तर तोच नमुना. नाहीतर तारेने सगळी वळणं मोजून घ्यायची. कापायचं ते पाइप कटरने. हॅक्सॉने कापला की आत भुसा जातो आणि तो भुसा थेट एबीएसच्या, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. कापल्यावर आतली कड साफ करायची, हवेने फुंकायचं. आणि तोंड फुलवायच्या आधी नट पाइपवर चढवायचा. हसू नका. सुंदर तोंड फुलवून झाल्यावर नट टेबलावरच राहिलेला बघून स्वतःला शिवी न दिलेला मिस्त्री मला अजून भेटायचाय.

तोंडाचे दोन प्रकार असतात. एक फनेलसारखं, कड आत दुमडून दुहेरी केलेलं, आपल्याकडच्या जपानी घराण्याच्या गाड्यांत साधारणपणे हे. दुसरं अळंबीच्या टोपीसारखं फुगीर, ते युरोपी घराण्यात. नटचे आटे सारखे असल्यामुळे चुकीचं तोंडही बसतं, आवळलंही जातं, आणि पहिल्या दिवशी गळतही नाही. म्हणून जुन्या पाइपचं तोंड नव्याच्या शेजारी धरून दाखवायला सांगा. दुमडलेली कड सगळीकडून सारखी हवी, चीर नको, एका बाजूला झुकलेली नको. पाइपात कटरची रेघ किंवा मधे मोडल्यासारखं चपटं वळण दिसलं तर तो पाइप बाद.

बसवताना नट आधी हाताने चार-पाच आटे फिरला पाहिजे, मग पाना. अशा नटला साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. "अजून थोडा" हा हव्यास तोंड चिरडतो. पाइप सायलेन्सरपासून लांब, एक्सल वरखाली होताना कुठेही न घासणारा, आणि प्रत्येक मूळ जागी नवी क्लिप. क्लिपच्या जागी केबल टाय दिसले तर गाडी ताब्यात घेऊ नका.

रबरी होजचं कोणी बोललं नाही तुमच्याकडे, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं. १२ वर्षांची गाडी, होज मूळचे असतील तर पाइपसोबत चारही बदला. होज बोटांत वाकवून बघा, बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसतील. कोणाला तरी पेडल दाबायला सांगा, होज कुठे फुगतोय का पाहा. पण सगळ्यात लबाड बिघाड आतून होतो: होजचं आतलं रबर सुजतं किंवा त्याची पट्टी सुटते आणि ती झडपेसारखी वागते. पेडल दाबलं की दाब जातो, सोडलं की परत येत नाही. एक चाक गरम होतं, गाडी एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज पडतो, आणि गॅरेजवाले कॅलिपर बदलत बसतात. ओळखायचं कसं? चाक अडकलेलं असताना आधी होजच्या अलीकडचा, मास्टर सिलिंडरकडचा जोड किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष वर आहे. नाही सुटलं, आणि मग ब्लीडर उघडल्यावर सुटलं, तर होज गेलाय. ब्लीडर उघडूनही अडकलेलंच राहिलं तर मात्र कॅलिपर. होज घेताना वर छापलेली तारीख बघा, दुकानात पाच वर्षं पडलेला नको. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर दोन्ही बाजूंना नवे हवेत. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवणाऱ्या पोऱ्याला तिथल्या तिथे टोका.

हवा काढणं. एकजण सीटवर, एकजण चाकाशी. निप्पलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, तळाशी थोडं ब्रेक ऑइल घालून त्यात बुडवलेलं. "दाब... धर." निप्पल पाव फेरा उघडायची, नळीतून बुडबुडे पळताना दिसतात, आधी मोठे, मग मोहरीएवढे. निप्पल बंद. "सोड." ही ओरड आमच्या गल्लीत दिवसभर ऐकू येते. बंद करायच्या आधी वरच्याने पाय सोडला की हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे ते जमिनीला टेकत नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रबर कधी न गेलेल्या खरखरीत भागावर घासले की फाटतात, आणि पाइप बदलायला आलेल्या गाडीला मास्टर सिलिंडरही लागतो. डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. क्रम बहुतेक गाड्यांत लांबच्या चाकापासून जवळच्याकडे, पण तिरक्या सर्किटच्या गाड्यांत मॅन्युअल वेगळं सांगू शकतं, तेव्हा मॅन्युअलच बघावं. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर नुसत्या पायाने ती निघत नाही. स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. हवा काढूनही पेडल स्पंजासारखंच राहिलं आणि मिस्त्री "चालवा, बसेल हळूहळू" म्हणाला, तर नाही बसत. हवा कुठेही जात नाही.

ऑइल पूर्ण नवं घाला, सीलबंद डब्यातलं, डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच जातीचं. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच घराण्यातले. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, त्याचा आकडा मोठा म्हणून ते चांगलं समजून घालू नका, या दोघांत ते मिसळत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५ पर्यंत. शहरात हे जाणवत नाही. चिपळूणच्या वाटेवर जाणवतं. कशेडीला आता बोगदा आहे, पण खेडच्या पुढे भोस्ते आणि मग परशुराम घाट उतरायचाच आहे. चार माणसं, मागे फराळाचे डबे, आणि तिसऱ्या गिअरऐवजी सतत ब्रेकवर पाय; ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं जातं. पाइप नवा असून उपयोग नाही मग. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाटात ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. सांडलेलं ऑइल बॉनेटच्या रंगाला लागलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

काम संपल्यावर गाडी रॅम्पवरच असताना इंजिन चालू करून एकाने पेडल जोरात दाबून धरायचं, दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. कागद कोरडा निघाला पाहिजे, प्रत्येक जोडावर. मग आवारात, चालण्याच्या वेगाने दोन-चार ब्रेक, मग रस्ता. जुने पाइप मागून घ्या. टाकीवरून निघालेला तुकडा हातात घेऊन वाकवून बघा, तिघांपैकी कोण बरोबर होतं ते तिथेच कळेल. आणि हे सगळं चिपळूणला निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान दहा दिवस आधी. त्या दहा दिवसांत मार्करची नवी रेघ रोज सकाळी बघा.